राखून ठेवलेली गाठ

दाबूमावशी माणसाला पुढून ओळखत नाही, हे आता सगळ्या गल्लीच्या अंगवळणी पडलं आहे. बाजारात कुणी समोर येऊन "काय मावशी, बरं आहे ना?" म्हणालं, की ती गोंधळून हसते. तोच माणूस वळून चालायला लागला की मागून हाक येते, "अहो ड्रायव्हरसाहेब! उजवा खांदा पुन्हा वर चढलाय तुमचा. केव्हा येताय?" नव्या माणसाला वाटतं, बाईला भलताच तोरा आहे. पण तिचा तरी काय दोष? तिच्याकडे माणूस कण्हत येतो, पालथा पडतो आणि उठला की सुटलो एकदाचा म्हणून पळतो. त्याचं तोंड बघायचं कधी?

शिंप्याच्या दुकानामागं तिची खोली आहे. मध्ये एक जाड पडदा, पलीकडे मशीनची खडखड. खोलीत एक उंच टेबल, गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केलेली तेलाची बाटली आणि दोरीवर टॉवेलच टॉवेल. टेबलाला तोंडासाठी भोक आहे. ते सुतारानं स्वतःच्या तोंडाच्या मापानं पाडलं, आणि त्याचं तोंड म्हणजे चांगलं परातीएवढं. त्यामुळे बारीक चेहऱ्याच्या गिऱ्हाइकाला कडेनं नॅपकिनची गुंडाळी लावावी लागते, नाहीतर माणूस कानापर्यंत आत जातो.

तिचे नियम कडक. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर ती अंगाला हातच लावत नाही, सरळ डॉक्टरांकडे पिटाळते. आणि पाठ मोकळी झाली की "पुन्हा येऊ नका" म्हणून सांगते. गिऱ्हाईक टिकावं म्हणून कुणी दुखणं थोडं शिल्लक ठेवतो, असं कानावर आलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती चोरीच आहे, असं ती म्हणते.

एका दुपारी पडदा सरकवून एक तरणी सून आत आली. मागं शालीत गुरफटलेली, कमरेत वाकलेली बाई. नाक, तोंड, सगळं झाकलेलं.

"मावशी, सासूबाईंची पाठ धरलीय. पट्टा झाला, शेक झाला, ते थरथरणारं मशीन झालं. काही उतार नाही. त्यांचा घसा बसलाय हं, बोलायचं नाही सांगितलंय. आणि धुळीची ॲलर्जी आहे, म्हणून तोंडावर शाल."

शालीतून दोन डोळे इकडंतिकडं बघत होते. मग ते डोळे घाईघाईनं भोकात गेले आणि पाठ उघडी झाली.

दाबूमावशीनं हातावर तेल घेतलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे ठेवले आणि ती जागच्या जागी थांबली.

ही पाठ तिला दुनियेतल्या सगळ्या पाठींच्या आधी भेटली होती. लहानपणी थोरली बहीण दिवसभर धुणी धुवून यायची, पालथी पडायची आणि म्हणायची, "ये ग, नाच माझ्या पाठीवर." भिंतीला धरून ही तिच्या पाठीवर चालायची. कुठं टाच टेकवायची, कुठं नुसता अंगठा, ते सगळं तिथंच शिकणं झालं. डाव्या फऱ्याखालची, खांद्याच्या पात्याखालची, ती खोलगट जागा तिनं झोपेतही ओळखली असती.

आणि आता मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी थोरली तोंड खाली घालून पडली होती. आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणे!

दोघींचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. आई गेली त्या दिवशी भरल्या घरात थोरली म्हणाली होती, "जगाच्या पाठी दाबत हिंडते, आईच्या पाठीवरून हात फिरवायला हिला वेळ नव्हता." आईची हाडं ठिसूळ झाली होती. दाबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हे थोरलीच्या समोर बजावलं होतं. धाकटीनं तेव्हा मूग गिळले, आणि घरी येऊन रात्रभर रडली. पुढं थोरलीच्या मुलाचं लग्न झालं, त्याचं बोलावणंही आलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जाईना, दोघींचाही.

एक कोपर असं रुतवावं की सात पिढ्या आठवतील, असं पहिल्यांदा तिच्या मनात आलं. पण हात शहाणे होते. ते आपले हळूहळू तिंबायला लागले. तोंड मात्र गप्प बसेना.

"सूनबाई," ती म्हणाली, "काही लोकांच्या पाठीत दुखणं नसतं ग. ताठा असतो."

हाताखालची पाठ फळीसारखी झाली. सून खोकली.

तासाभरात पाठ सैल पडली. फऱ्याखाली एकच गाठ उरली. अंगठ्याचे दोन-चार दाब दिले असते की काम तमाम. दाबूमावशीनं अंगठा ठेवला. आणि तिच्या डोक्यात आलं, ही गाठ सुटली की ही उठेल, शाल गुंडाळेल आणि जाईल. पुन्हा येऊ नका हा नियम तर आपलाच.

तिनं अंगठा उचलला.

"जुनं दुखणं आहे," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "पुढच्या आठवड्यात आणा."

मग दर आठवड्याला हाच खेळ. शाल यायची, घसा बसलेलाच असायचा. सुनेला विचारलं तर, "आईस्क्रीम खाल्लं त्यांनी." सगळी अळीमिळी गुपचिळी. जी आधी बोलेल ती हरली, हे दोघींना न सांगता कळलेलं. मावशी सुनेला गोष्टी सांगायची, कुणाचं काय झालं, लहानपणी आपल्या एका बहिणीनं शेजारणीचं वाळत घातलेलं लुगडं चुकून कसं पिळून पिळून फाडलं. तेव्हा भोकातून आवाज आला नाही, पण पाठ गदगदली. हसू दाबलेल्या माणसाची पाठ काय लपते? आणि जाताना प्रत्येक वेळी ती गाठीला वळसा घालून हात काढून घ्यायची.

पण रात्री तिला झोप येईना. सख्ख्या बहिणीच्या अंगात दुखणं ठेवून आपण तिची वाट बघतो! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिनं त्याला गल्लीतून हाकललं असतं. शेवटी तिनं ठरवलं, उद्या गाठ सोडायची. मग जाईना का ती परत तिच्या ताठ्यात.

दुसऱ्या दिवशी तिनं देवाचं नाव घेऊन डाव्या फऱ्याखाली अंगठा घातला. गाठ नव्हती.

तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, बोटांनी चाचपलं. पाठ कशी, मळून ठेवलेल्या कणकेसारखी मऊ. आजची नव्हे, बऱ्याच दिवसांची मोकळी. एवढ्यात भोकातून जोरदार कण्हणं आलं, "आई ग!"

घसा चांगला खणखणीत होता. आणि कण्हणं आलं ते उजवीकडं टॉवेल ठेवला तेव्हा.

चोरावर मोर! दाबूमावशीला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही एकदम आलं.

"ताई," ती म्हणाली. हरली तर हरली. "तुझं डावीकडं दुखत होतं. उजवीकडं कशाला कण्हतेस?"

पडद्यापलीकडचं मशीनसुद्धा थांबलं. सून हळूच शिंप्याकडं कापडं बघायला गेली.

"माझी पाठ आहे," भोकातून उत्तर आलं. "कुठंही कण्हेन."

"केव्हापासून बरं आहे तुला?"

"तू लुगड्याची गोष्ट सांगितलीस ना, तेव्हापासून."

"मग येत का राहिलीस?"

थोरली खालच्या फरशीला म्हणाली, "मी त्या दिवशी खोटं बोलले. आईला तूही दाबू शकत नव्हतीस, मीही नाही. कुणावर तरी ओरडायचं होतं. तू जवळ होतीस. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नाही झाली ग. इथं खाली सांगायला बरं पडतं."

"मीही काही साजूक नाही," धाकटी नाक पुसत म्हणाली. "तुझी एक गाठ मी मुद्दाम ठेवली होती. तू परत यावीस म्हणून."

थोरली ताडकन उठून बसली. कमरेत वाकून आलेली बाई! भोकाच्या कडेनं तिच्या चेहऱ्यावर मोठा गोल उमटला होता.

"म्हणजे मी इतके आठवडे उगाच कण्हले?"

"पहिले काही आठवडे खरं. नंतरचं उगाच."

थोरली टेबलावरून उतरली, शाल बाजूला फेकली, बाह्या मागं सारल्या. "झोप."

"काय?"

"झोप म्हणते ना! इतकी वर्षं सगळ्यांची पाठ दाबतेस. तुझी कोण दाबतं?"

दाबूमावशीनं हातातला टॉवेल दोरीवर टाकला. ती टेबलावर चढली. स्वतःच्याच टेबलावर तिला पालथं पडता येईना. तोंड भोकात पार बुडालं.

थोरलीनं दोन मुठी कपडे बडवल्यासारख्या बडवल्या. मग हाडांवरच अंगठा दाबला, जिथं कुणी शहाण्यानं दाबू नये. मग बरगडीला चिमटा काढला. तेल मानेवरून कानात गेलं.

"बरं वाटतंय का ग?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही," खालून आवाज आला. "थांबू नकोस."