गुळवेलीचा पुरावा

आता माझ्या अकलेचं कौतुक कुठून सुरू करू? चहा घ्या आधी, मग पोटभर हसा.

दादा गेला त्याला दोन महिने झाले होते. लालबागच्या खोलीत मागे राहिलो आई आणि मी. आईनं जेवणच सोडलेलं. ताट पुढे केलं की म्हणायची, "मागसून जेवतंय." ते मागसून काही यायचंच नाही. मला रात्रंदिवस एकच धास्ती, आता हीपण जाते.

दादरला एक जण गुळवेलीची पूड विकायचा. भूक लागते, ताकद येते, म्हातारा माणूस जिने चढतो! मी घेतली पुडी, दिली आईच्या हातात. "सकाळ-संध्याकाळ चमचाभर, विसरायचं नाही." आणि काय सांगू, आठ दिवसांत आई भाकरी खायला लागली की हो!

मी धावत दवाखान्यात. "डॉक्टरसाहेब, सगळ्यांना हीच पूड द्या!"

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "अरे, एकट्या आईवरून काय ठरवणार? गुण पुडीनंच आला, याला पुरावा हवा. पुष्कळ माणसांचा."

पुरावा! शाळा माझी तिसरीत सुटली, पण पुरावा म्हणजे सह्या नि अंगठे, एवढं मला ठाऊक होतं. निघालो कागद घेऊन चाळीत.

ते दिवस कसले? संयुक्त महाराष्ट्राचे! कागद दिसला की माणूस सही करायचा. तळमजल्याच्या तात्यांना म्हटलं, "तात्या, ऐका तरी, कशासाठी ते..."

"ऐकायचंय काय त्यात? मुंबई आपली! आण इकडे."

वरच्या मावशी म्हणाल्या, "माझा अंगठा घे. आमचे हे कामावर गेलेत, त्यांचाही मीच उठवते."

मी मनात म्हटलं, मुंबई आपली तशी पूडही आपलीच. सही झाल्याशी कारण!

भरलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. "यातल्या किती जणांनी पूड खाल्ली?"

"खाल्ली कुणीच नाही साहेब. पण पाठिंबा सगळ्यांचा आहे."

डॉक्टरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. खांदे तेवढे हलत होते. मग म्हणाले, "निदान आईला तरी विचार, कशातून घेते, किती घेते."

घरी आलो. आई चुलीपाशी पेज ढवळत होती. विचारलं.

"मी खंय घेतंय? तुझ्याच पेजेत घालतंय रे झिला. दादा गेल्यापासून तुझी हाडां वर इली."

"माझ्या पेजेत? मग तू कशी जेवायला लागलीस?"

"आठ दिस तू परत माझ्यावांगडा, बाजूक बसान जेवतस. म्हणान माझ्याय घशाखाली घास उतरता."

घ्या! पूड एकानं खाल्ली, गुण दुसऱ्याला आला. आता हा पुरावा डॉक्टरांना कुठल्या तोंडानं सांगायचा?

आणि ते तरी परवडलं. मी आठ दिवस अख्ख्या चाळीला डोळे पुसत सांगत होतो, "दुःखानं आईच्या हाताची चव गेली हो, पेजसुद्धा कडू होते तिची!"