बंद घरातली घरघंटी

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. बरंचसं आता विसरलो. पण मिरजगावजवळच्या एका वस्तीवरची ती घटना अजून आठवते, आणि आठवली की अंगावर काटा येतो.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. सकाळची हजेरी आटोपली आणि पुण्यात नोकरी करणारी एक बाई ठाण्यात आली. तिची विधवा आई वस्तीवर एकटी राहायची. लेकीने घराच्या मीटरपाशी एक यंत्र बसवलं होतं. प्रत्येक उपकरण आपल्या तऱ्हेने वीज ओढतं. त्यावरून हा फ्रिज, हा गिझर, ही दळणाची घरघंटी, असं ओळखून ते यंत्र तिला मोबाईलवर कळवायचं, आणि हे आईलाही ठाऊक होतं. आम्ही चालीवरून माणूस ओळखतो, तसंच.

"आईचा मोबाईल बरेच दिवस बंद आहे. चुलतभाऊ म्हणाला, बिघडलाय. रोज घरघंटी चालू दिसायची, म्हणून मी निर्धास्त होते," ती म्हणाली. "काल तो म्हणतो, काकी खर्ड्याला मावशीकडे गेली. मावशीला विचारलं, तर आई तिकडे गेलेलीच नाही. आणि साहेब, घरघंटी आजही चालू आहे."

स्टेशन डायरीत नोंद घेऊन म्हातारीच्या त्या पुतण्याला बोलावलं. खोटं बोलणारा सहसा वाजवीपेक्षा जास्त बोलतो. हा मोजकंच, पाठ केल्यासारखं बोलला, आणि तेच मला खटकलं.

"घराला कुलूप हाय, साहेब. आत कुनी न्हाई. मशीनच बिघडलं आसंल."

तेवढ्यात टेबलावरच्या लेकीच्या मोबाईलवर अक्षरं उमटली: घरघंटी सुरू. मग बंद. मग पुन्हा सुरू. कुलूपबंद घरात कोणीतरी दळत होतं. भरदिवसा हवालदाराने देवाचं नाव घेतलं. लेकीचा चेहरा उतरला. "आई गेली असेल का हो? आणि तिचा जीव तिथेच..." खरं सांगतो, मीही घाबरलो होतो.

तरी तपास म्हणून मोबाईलवरची, किती वीज ओढली ते दाखवणारी रेघ पाहिली. दाणे पडले की चक्कीवर भार येतो आणि रेघ चढते, असं तिने सांगितलं. ही रेघ सपाट होती. चक्की रिकामी फिरत होती.

"तुमची आई रिकामी चक्की लावते?"

"कधीच नाही. रिकामं जातं फिरवू नये, म्हणून लहानपणी मी मार खाल्लाय."

मग डोक्यात प्रकाश पडला. ती बाई दळत नव्हती, हाक मारत होती.

"चक्की कुठल्या खोलीत आहे रे?" मी पुतण्याला विचारलं.

त्याची नजर मोबाईलवरून हलेना. "कोठीत," तो पुटपुटला. "तिथलं बटन ध्यानातच आलं न्हाई."

रस्त्याकडेच्या जमिनीचं बक्षीसपत्र काकी करून देईना, म्हणून त्याने तिला कोठीत कोंडलं होतं. संध्याकाळी भाकरी-पाणी द्यायचा आणि पुन्हा कडी लावायचा. आसपास घर नाही, ओरडून ऐकणार कोण?

आम्ही पंचांसमक्ष कुलूप तोडलं, तेव्हाही आतून घरघर येत होती. म्हातारी चक्कीला टेकून बसली होती, हात बटणावर. लेकीला पाहून रडली नाही.

"पहिल्या दिसापासून लावत हुते," ती म्हणाली. "तुला दिसत नव्हतं व्हय?"

लेक रोज पाहत होती. यंत्राने चक्की अचूक ओळखली होती. आई ओळखायचं काम मात्र यंत्राचं नव्हतं. पुतण्याला लावायला माझ्याकडे कलमं होती. म्हातारीचा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आलो. आता घरातला दिवा लागलेला दिसला, तरी मी आत जाऊन माणूस पाहून येतो.