सात पावलांवाचून झालेलं लग्न

पोट्टेहो, संध्याकाळच्या गाडीनं मी भिलाईले कामावर परत जाऊन राहिलो. जायच्या आधी आज कोर्टात झालं ते बुद्धविहाराच्या फळ्यावर लावून जातो. सगळ्यांनी वाचा.

ताईच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली, म्हणून ताईनं पोटगी मागितली. आज त्याचा वकील म्हणाला, "कायद्यात लग्न सप्तपदीच्या सातव्या पावलाला पूर्ण होतं. इथं एकही पाऊल झालं नाही. मग ही बायको कशी?"

मेणबत्त्या लावून, पंचशील म्हणून, हार घालून झालेलं लग्न अर्धवट म्हणे!

बाहेर आमचाच वकील हळूच म्हणाला, "बाई, सात पावलं चाललो असं सांगून टाका. केस मिटेल."

आई म्हणाली, "सांग ना वं. आपलं काय जाते?"

ताई भडकली. "आपल्या बाबानं बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच ते फेरे सोडले. आता पोटगीसाठी मी खोटं खोटं आगीभोवती फिरू? माझं लग्न पूर्ण आहे. अपुरा असेल तर तो माणूस!"

मग आमचा वकील म्हणाला, "आपल्या रीतीचं लग्नही कायद्यात बसतं. पण ती रीत साक्षीदारांनी सांगावी लागेल."

मी चौथीतच शाळा सोडली, कायदा मले समजत नाही. पण ताईच्या लग्नाच्या दिवशी मांडवात तुम्ही सगळे होते. "साधू, साधू" म्हणून लग्नाले होकार दिला, पंगतीत पोटभर जेवले.

पुढच्या तारखेले मी सुट्टी काढून येतो. सांगा, कोण कोण उभं राहता?