महिन्यातून तीनदा बाहेर बसलेली

"आटला महिना तू शुं करती'ती?"

डॉक्टरबाई ओरडत होत्या. इतके महिने काय करत होतीस, म्हणून. आवाज असा, की शेजारच्या वॉर्डात दोन बाळं घाबरून नवव्या महिन्याआधीच बाहेर आली असतील. मी टेबलावर पाय वर करून पडलेली. पडद्यापलीकडे आमचे हे, सुरतच्या पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या मिलमधून थेट आलेले, कोपरापर्यंत निळे.

मी म्हटलं, "बेन, जरा हळू. कामरेजपर्यंत ऐकू जाईल."

त्या हसल्या नाहीत. माझ्या बोलण्यावर माणूस हसला नाही, असं त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घडलं. मला तिथेच कळलं.

बायॉप्सी झाली, म्हणजे आतला चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, सर्व्हायकल कॅन्सर. गर्भाशयाच्या तोंडाचा. स्टेज थ्री बी, म्हणजे कमरेच्या हाडापर्यंत पोचलेला, आणि एका मूत्रपिंडाची वाट दाबून बसलेला. ऑपरेशनची वेळ गेलेली. नुसतं मशीनच्या किरणांनी शेकायचं.

आता इतके महिने मी काय करत होते ते सांगते. डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं.

आमच्या खानदेशात बाई महिन्याची बाहेर बसते. उधन्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत बाहेर कुठून आणायचं? दाराशी गोणपाट टाकलं की ते बाहेर. त्यावर बसलेल्या बाईने चुलीला शिवायचं नाही, पाणी भरायचं नाही. माझी धाकटी जाऊ रंजना शेजारच्याच खोलीत राहते. ती माझ्या भाकरी थापायची, मी गोणपाटावर बसून साड्यांना टिकल्या चिकटवत गप्पा हाणायचे. राणी व्हिक्टोरियाला एवढा आराम नसेल.

मग मला चटक लागली. उन्हाळा वाढला की मी बाहेरची. गावाकडून सासरचे दहा पाहुणे आले की मी बाहेरची. एकदा महिन्यातून तीनदा बसले. आमचे हे म्हणाले, "तुनं कॅलेंडर कोण छापस वं?" सगळी चाळ हसली, मीही हसले.

चौऱ्याण्णवच्या प्लेगात सगळी सुरत पळाली तेव्हा आम्हीही गावी गेलो. परत आल्यावर खरंच सुरू झालं. पाळी होऊन आठ दिवसांत पुन्हा. मग पंधरा-पंधरा दिवस. मग नवरा जवळ आला की रक्त. पाणी जायचं, त्याला घाण वास. वासाचं मी मनावर घेतलं नाही, आमच्या खाडीकाठी नाक असतं ते फक्त चष्मा टेकवायला. पण रक्ताचं मी सांगितलं. ह्यांना सांगितलं, रंजनाला सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. रंजनाने माझ्या भाकऱ्या थापल्या. आठ महिने थापल्या. मीही हसण्यावारी नेलं. खोटं बोलणाऱ्याला आपलं खरंही खोटं वाटायला लागतं, हे कुणी आधी सांगत नाही.

कोबाल्टच्या मशीनखाली रोज जायचं. मशीन एवढं, की आमची अख्खी चाळ त्याच्या पोटात मावेल. दुखत नाही. दुखतं ते नंतर. लघवीला आग, दिवसातून वीस वेळा जुलाब, मांड्यांची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी. बाकावर माझ्यासारख्याच बसलेल्या. ओडिशाची एक, डांगातली एक, आमच्या धुळ्याच्या दोघी. मी डॉक्टरबाईंना विचारलं, "पैसेवाल्या बायकांना होत नाही का हो?"

"होतो. पण त्या लवकर येतात. पॅप स्मीअर करतात. काडीने गर्भाशयाच्या तोंडाजवळचं पाणी घेऊन काचेवर बघतात, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटं. मी एक थाप मारायला यापेक्षा जास्त वेळ घेते.

मग त्यांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं, की हा रोग पॅपिलोमा नावाच्या व्हायरसमुळे होतो असं आता दिसतंय, म्हणजे एक बारीक जंतू. नवराबायकोच्या संबंधातून येतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो. कुणाकडून आला ते विचारू नका, उत्तर मिळत नाही. मला इथे आणायच्या आधी आमचे हे सात वर्षं सुरतेत एकटे राहिले होते. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. मी विचारलं नाही.

शेकणं संपून चार महिने झाले. परवाच्या तपासणीत गाठ पुन्हा दिसली, दुसरंही मूत्रपिंड आता सुजलंय. या वेळी डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. माझा हात धरून हळू बोलल्या. ओरडत होत्या तेच बरं होतं.

म्हणून हे लिहितेय. मला उपयोग नाही. पण जिला पाळी सोडून रक्त दिसतंय, जिला वासाचं पाणी जातंय, तिने उद्या दवाखान्यात जावं. देवाला नंतर जा.

काल रंजना माझे कपडे धुवायला आली होती. तिच्या परकराला मागे डाग दिसला. मी विचारलं तर म्हणाली, पाळी नाही, दोन महिने असं मधेमधे होतंय. मी ओरडले. जेवढी ताकद उरली होती तेवढी घालून ओरडले, शपथा घातल्या, तिचे पाय धरले. ती कपडे पिळत होती.

"लगीनसराईना साड्यास्ना माल येल शे, बाई," ती म्हणाली. "तो पुरा करी टाकू, मंग देखसूत."