सरकीच्या शेडमधली रेघ

फोन आला तेव्हा माझ्या खुर्चीत एक पेशंट तोंड वासून बसला होता. मी दातांचा डॉक्टर, परभणीत दवाखाना आहे. मे महिन्यातली दुपार, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. फोन सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधून, रज्जाकभाईंचा. रज्जाकभाई म्हणजे माझा मित्र दिगंबर याच्या जिनिंगचे मुकादम. "डॉक्टरसाब, मालक पडले. उठंनात. जल्दी या..." एवढंच बोलले आणि मागून कुणाचा तरी रडण्याचा आवाज आला. मी फोन ठेवला, पेशंटची दाढ भरली, त्याला "दोन तास त्या बाजूनं खाऊ नका" असं सांगितलं म्हणे. म्हणे, कारण मला त्यातलं काहीच आठवत नाही. परवा तोच पेशंट आला आणि म्हणाला, दाढ एक नंबर बसली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती मी कधी भरली?

सेलूत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जिनिंगच्या वर्कशॉपमध्ये, लोखंड आवळून धरायच्या शेगड्याजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या त्याला अटॅक आला. रज्जाकभाई मशीनचा पट्टा आणायला बाजारात गेले होते, परत आले तर हा टेबलावर डोकं टेकून. त्यांना वाटलं, डुलकी लागली. मलाही, खरं सांगतो, घरात नेऊन ठेवलेल्या दिगूकडे बघून तसंच वाटलं. आत्ता एक डोळा उघडेल आणि म्हणेल, "कामून आलास रे, दवाखाना बंद पडला का काय?" साठीही गाठली नव्हती लेकानं. आदल्या रविवारी माझ्यासमोर दोन वाट्या आमरस ओरपला होता. मी डॉक्टर आहे, भले दातांचा का असेना; माणसं मरतात हे मला माहीत आहे. पण दिगू? असं कसं?

आम्ही सेलूच्या शाळेतले. मी शिकून परभणीला गेलो, तो वडिलांच्या जिनिंगमध्ये शिरला. आणि या कापूसवाल्या माणसाला पन्नाशीत गोल्फचं वेड लागलं! मशिनरी बघायला कोइमतूरला गेला होता, तिथल्या कंपनीवाल्यानं त्याला गोल्फच्या मैदानावर नेलं आणि वाळूच्या खड्ड्यातून एक चेंडू मारायला लावला. चेंडू अलगद उडाला, हिरवळीवर पडला आणि दोन पावलांत थांबला. झालं. हा परत आला तो जुन्या स्टिकांची एक बॅग खांद्यावर टाकूनच. मला फोन केला, "सगळं सोडून ये. लय भारी चीज हाय." मी गेलो, आणि दर रविवारी जातच राहिलो.

उन्हाळ्यात जिनिंगचं आवार रिकामं असतं. ज्या जागेवर दिवाळीनंतर कापसाचे डोंगर लागतात, तिथे आम्ही ताडपत्री अंथरायचो आणि लांबून तिच्यावर चेंडू टाकायचो. गंगाखेडहून आणलेली, बांधकामातून उरलेली गोदावरीची वाळू होती, तो आमचा खड्डा. लांब मारायला जागाच नव्हती, त्यामुळे आमचा सगळा खेळ जवळच्या फटक्यांचा आणि त्याला लागणाऱ्या हत्यारांचा. त्या हत्याराला वेज म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेजचं पातं तिरपं असतं, चेंडू वर उचलण्यासाठी, आणि तळाला थोडं पोट असतं, पातं मातीत घुसू नये म्हणून. त्या पोटाला बाउन्स म्हणतात, आणि पात्याच्या दांड्याकडच्या कोपऱ्याला टाच. कुणाला किती तिरपं पातं आणि किती पोट, हे ज्याच्या त्याच्या हातावर आणि पायाखालच्या जमिनीवर. मी मासिकात बघून चार वेज मागवायला निघालो होतो, तेव्हा दिगू म्हणाला, "चार-चार हत्यारं घेऊन काय लढाईवर चाललास का? दोन पुरंत. पण ती तुझी पाह्यजेत."

आमची काळी जमीन उन्हाळ्यात दगड होते. पोट असलेलं वेज तिच्यावर आपटलं की उसळायचं आणि चेंडू थेट भिंतीवर. दिगूनं एका दुपारी दोघांच्याही वेजची पोटं एमरीच्या, म्हणजे लोखंड घासायच्या फिरत्या दगडावर सपाट करून टाकली. चेंडू सुंदर उडायला लागले! आम्ही एकदम उस्ताद झालो. त्या जोरावर पुण्याकडच्या एका खऱ्या मैदानावर खेळायला गेलो... आणि काय फजिती सांगू! तिथे मऊ हिरवळ, खाली ओली माती. माझं पहिलंच वेज असं घुसलं की भाकरीएवढं ढेकूळ चेंडूच्या पुढे जाऊन पडलं. मागचे लोक थांबून बघायला लागले. दिगू खाली बसून हसत होता, "लेका, चेंडू मारायलास का विहीर खांदायलास?" त्याचंही पुढच्याच फटक्याला तेच झालं, तेव्हा तोंड बंद झालं. सेलूच्या भेगाळलेल्या जमिनीवर मापं घेऊन आम्ही पुण्याच्या गवतावर गेलो होतो. परतीच्या वाटेवर जालन्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "घासलेलं लोखंड परत येत न्हाई, डॉक्टर. आधी बघायचं, मंग घासायचं."

तेव्हापासून त्याची पद्धत बदलली. सरकीची शेड उन्हाळ्यात रिकामी असते. तिच्या एका कोपऱ्यात त्यानं माती भिजवून, चोपून, पुण्यासारखी मऊ जागा तयार केली. वेज घासून झालं की त्या मातीवर रांगोळीची एक रेघ ओढायची, चेंडू न ठेवता रेघेवर वेज फिरवायचं आणि माती कुठे उखडली ते बघायचं. रेघेच्या पुढे, पातळ उखडली तर बरोबर. मागे किंवा खोल उखडली तर हत्यार चुकलं. मी दवाखान्यात कवळी बसवताना निळा कागद चावायला देतो आणि डाग बघतो, तसंच. "तू दात घास, मी लोखंड घासतो," म्हणायचा. आणि माझं वेज असलं की माझीच नक्कल करून फिरवायचा. माझा तो तुटका झटका, मध्येच वाकडा होणारा गुडघा, अर्धवट उघडं तोंड... सगळं हुबेहूब. रज्जाकभाई हसून हसून बेजार व्हायचे. मला राग यायचा. आता विचार करतो, आपल्याला इतकं नीट बघितलेलं माणूस आयुष्यात दुसरं कोण आहे?

रांगोळी अर्थातच शोभावहिनींची, दिगूच्या बायकोची. घर जिनिंगच्या आवारातच. दाराशेजारच्या कोनाड्यात त्यांचा रांगोळीचा पितळी डबा असायचा आणि हा तो न विचारता उचलायचा. पण घासणं पुरतं संपल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. डब्याचं झाकण वाजलं की वहिनी आतून कडाडायच्या, "रांगोळी दारात काढायची असती, सरकीत न्हाई!" हा म्हणायचा, "आत्ता आणतो." आणि डबा संध्याकाळी कुठेतरी उघडाच सापडायचा.

यंदा पावसाळ्याआधी पुन्हा पुण्याला जायचं ठरलं होतं. मागच्या फजितीची भरपाई करायची होती. माझ्यासाठी त्यानं पोट असलेलं नवं वेज मागवलं. त्या शेवटच्या रविवारी मला ते मारायला लावून, मातीजवळ उकिडवं बसून तो बघत होता. "तू पातं लय उघडतोस, त्यामुळं वेजची टाच आधी अडकायली," असं काहीतरी म्हणाला. मी ऐकलं कुठं! माझं लक्ष आमरसाकडे. जाताना म्हणाला, "ठेव इथंच. करतो कायतरी."

त्या भयंकर दिवशी संध्याकाळी रज्जाकभाईंनी फडक्यात गुंडाळलेलं ते वेज माझ्या हातात दिलं. "मालकांच्या पुढ्यात होतं, साब. तुमचंच हाय." मी ते गाडीच्या डिकीत टाकलं आणि तेरावा होऊन गेला तरी बघितलं नाही. एकदा बघितलं, आणि सुन्न झालो. तळाची टाचेकडची बाजू घासून गुळगुळीत, आणि टोकाकडची बाजू होती तशी. अर्धवट! हातातलं काम अर्ध्यावर टाकून माणूस गेला... दुसरी बाजू घासायला असा कितीसा वेळ लागला असता? मला देवाचा इतका संताप आला की घरात बायको बोलायची बंद झाली. दवाखान्यात, जेवताना, झोपताना तेच डोळ्यासमोर. एका बाजूनं घासलेलं लोखंड. शेवटी ठरवलं, दिगूचं काम असं लोंबकळत ठेवायचं नाही. मागच्या रविवारी वेज घेऊन सेलूला गेलो.

दारात रांगोळी नव्हती. वहिनी ओसरीत बसल्या होत्या, इतक्या वाळलेल्या की मला आधी दुसरंच कुणी वाटलं. मी म्हणालो, दिगूनं मागवलेलं हे नवं वेज रज्जाकभाईंकडून पुरं करून घेतो. त्यांनी मान डोलावली. वर्कशॉपमध्ये रज्जाकभाई तयार नव्हते. "मालकांचा हात लागलेली चीज हाय साब, मला नका सांगू." मी जरा आवाज चढवला. मग त्यांनी गपचूप एमरी चालू केली. दगडानं सूर धरला, त्यांनी वेज पुढे नेलं, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. कप खाली ठेवला, रज्जाकभाईंच्या हातातून वेज घेतलं, पात्यावरच्या बारीक खाचांमध्ये नख घातलं. नखावर पांढरं आलं. "ही माझी रांगोळी हाय, भावजी."

मी म्हणालो, जुनी असेल. "वेज नवं हाय म्हणलात ना? मंग जुनी कुठली?" एमरी तशीच गरगरत होती, रज्जाकभाईंनी ती बंद केली. वहिनी खालच्या आवाजात सांगायला लागल्या, "त्या दिवशी झाकण वाजलं होतं. मी आतून वरडले. आता तरी परत आणून ठेवा म्हणलं. आत्ता आणतो म्हणले... तेच शेवटचं. डबा मी मुद्दामच शोधला न्हाई. ते आणतो म्हणले होते ना!" आणि एवढे दिवस ज्या बाईच्या डोळ्यांतून लोकांसमोर टिपूस आलं नव्हतं, ती टेबलाला धरून रडली. मीही रडलो. रज्जाकभाई टोपी काढून बाहेर जाऊन उभे राहिले.

सरकीच्या शेडचं दार तेव्हापासून कुणी उघडलं नव्हतं. कोपऱ्यातली माती वाळून विटेसारखी कडक झाली होती. तिच्यावर रेघ होती, पुसट, पण होती. रेघेच्या पुढे लागूनच एक ओरखडा, पातळ, नखानं साय काढावी तसा, आणि दातांचं माप घेतल्यावर प्लास्टर वाळावं तसा मातीत पक्का झालेला. जरा वाकडा, माझ्यासारखाच. म्हणजे दिगू इथे उभा राहिला होता. गुडघा वाकडा करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, एकटाच माझी नक्कल करत होता. बघणारं, हसणारं कुणी नव्हतं. काम संपलं होतं. फक्त टाच अडकत होती, त्यानं फक्त टाच घासली होती. दुसऱ्या बाजूला हात लावायचाच नव्हता! आणि मी ती घासायला निघालो होतो...

डबा शेजारीच भिंतीशी होता. उघडा.

"मारा," वहिनी म्हणाल्या. मी म्हणालो, नको, वहिनी. "ते कशासाठी करत होते मंग?" रज्जाकभाईंनी शेजारच्या मातीवर दोन बादल्या पाणी ओतलं. चहा गार झाला होता तो पुन्हा केला, आम्ही तिथेच पोत्यांवर बसून घेतला, तोवर माती मुरली. वहिनींनी चिमूट घेतली आणि दिगूच्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढली. दिगूची नेहमी वाकडी यायची, ही दोरीत ओढल्यासारखी सरळ. मी उभा राहिलो. वेज फिरवलं. टाच अडकली नाही, पातं मातीत शिरलं आणि निघून गेलं. दोन ओरखडे शेजारी शेजारी. त्यानं माझी नक्कल केली होती की मी त्याची, कळेना. रज्जाकभाई वाकून कितीतरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "बराबर हाय."

वहिनींनी डबा उचलला. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मागे वळून तो माझ्या हातात दिला.

"तुमी आणून ठेवा घरात," म्हणाल्या. "ते आणतो म्हणले होते."

एका हातात वेज, एका हातात डबा, असा मी ते उन्हानं तापलेलं आवार ओलांडून गेलो. ओसरीची पायरी चढलो. कोनाड्यात डब्याच्या बुडाचा गोल डाग तसाच होता, मी डबा बरोबर त्याच्यावर ठेवला. मागून वहिनींचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी जरा चढलेला.

"झाकण नीट लावा. सांडती ती."