राजवतीजीजीचा लाला

आमच्या गोकुळात लालाची, म्हणजे बाळकृष्णाची, सेवा करणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील, पण राजवतीजीजीइतकी हट्टी एकही नव्हती. पोटी मूल नाही. घरात वीतभर उंचीचा पितळी लाला. त्याला ती अठ्ठावीस वर्षं उठवत होती, न्हाऊ घालत होती, थंडीत त्याच्यापुढे शेगडी ठेवत होती. त्याला भोग लावून जे उरेल तेच तिचं जेवण. त्याच्या आधी पाण्याचा घोटही नाही.

नवरा दरबारीलाल दुसऱ्या टोकाचा. दिवसभर तुळशीच्या लाकडाचे मणी कातायचा. अर्ध्या गावाच्या गळ्यात त्याच्या हातच्या कंठ्या, आणि हा म्हणायचा, देवाला ना रूप, ना नाव. खोटं मात्र जन्मात बोलला नाही. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं.

"तुमच्या देवाला कान आहेत का हो?" जीजी विचारायची.

"नाहीत."

"बरंय. तुमचं घोरणं तरी ऐकावं लागत नाही त्याला."

पौषात तिच्या छातीत कफ भरला आणि तिला मथुरेच्या इस्पितळात नेलं. लाला उपाशी राहिला. दरबारीलाल तीन घरं फिरून माझ्या दारी आला. मी जीजीच्या धाकट्या बहिणीसारखी, म्हणून त्याला मी जीजाजी म्हणायची.

"सुरजो, हिचा तो... लाला. ठेवशील थोडे दिवस?"

माझी मुलगी नुकतीच बाळंत झाली होती, घरात सोयर होतं. कारण खरं होतं. नाही म्हणताना हायसं वाटलं, हेही खरं. एकदा लाला मांडीवर घेतला की जन्माचं बांधून घेणं झालं.

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आशा सोडा. जीजी नेहमी सांगायची, "माझ्यामागं त्याला सांभाळणारं कुणी नसलं तर जमुनाजीच्या ओटीत घाला, पण अनाथ ठेवू नका." नवऱ्यानं तिचं तेवढं एक ऐकलं. भर दुपारी नाव काढून मध्यधारेत गेला आणि लालाला सोडून आला.

आणि जीजी वाचली.

घरी आली ती भिंतीला धरत धरत सरळ देव्हाऱ्यातल्या सिंहासनापाशी गेली. "लाला कुठाय?"

दुसऱ्या कुणीही एखादी थाप मारली असती. यानं खरं सांगितलं.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त जेवायची बंद झाली; ओठ ओले करण्यापुरतं जमुनाजीचं पाणी तेवढं घ्यायची. तिच्यापुरता प्रश्न साधा होता: भोग लावायला कुणी नाही, तर प्रसाद कुठून येणार? आणि प्रसाद नाही तर खायचं काय?

"अगं, तो चराचरात आहे. तुझ्यातही आहे," दरबारीलाल काकुळतीला आला. "तू खा, त्याला पोचेल."

"चराचराला थंडी वाजते का? त्याला वाजते."

मी मध्ये पडले. "जीजी, मनातल्या मनात सेवा करा ना. मोठे मोठे लोक करतात."

"केली, सुरजो. डोळे मिटले की तो पाण्याखाली दिसतो. माझ्याकडे बघत असतो."

 

चार दिवस दरबारीलाल नावाड्यांना घेऊन कमरेएवढ्या गार पाण्यात गाळ चाळत होता. ज्याला जन्मभर पितळ म्हणाला त्याच्यासाठी. हाती चिखल आला. पाचव्या दिवशी तो मथुरेच्या बाजारात गेला, तशाच घडणीचा लाला विकत घेतला, राखेनं घासून जुना केला, चिखलात बुडवून आणला.

"सापडला," तो म्हणाला. बासष्टाव्या वर्षी पहिलं खोटं, तेही धड जमलं नाही.

जीजीनं मूर्ती मांडीवर घेतली. गालावरून, पावलांवरून बोट फिरवलं.

"हा माझा नाही."

मला वाटलं, आता ती भिंतीकडे तोंड करील आणि संपेल. पण तिनं पदर ओढला आणि त्या परक्या मूर्तीभोवती गुंडाळला.

"कुणाचं का असेना, पोर आहे. किती गार पडलंय. दूध तापवा."

तिनं त्याला दूध पाजलं. उरलेलं मी तिच्या ओठाला लावलं. एक घोट गेला, दुसरा बाहेर आला. फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाली, "याचं आता तुम्ही बघा."

अंगणात बायका रडत होत्या, पुरुष तिरडी बांधत होते, आणि दरबारीलाल आत चुलीपुढे बसला होता. दूध उतरवून त्यानं वाटीत ओतलं आणि लालाला मांडीवर घेतलं. बायकांत कुजबुज सुरू झाली: घरात मढं आहे, सुतक आहे, आणि हा लालाला शिवतो! माझंही डोकं फिरलं. जन्मभर मानलं नाही, आणि आता?

"जीजाजी, आता मानता का याला?"

"नाही गं," तो म्हणाला. वाटी त्यानं लालाच्या ओठाला लावली. "माझं खोटं तिनं पोटाशी धरलं, सुरजो. त्याला मी उपाशी ठेवू?"