सुट्टीसाठी राखून ठेवलेली दुखणी

माझा नवरा आखातात एसी मेकॅनिक आहे आणि मी कल्याण पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. या दोन नोकऱ्या एका घरात आल्या की सरळ विचार करणं अवघड जातं. निदान आमच्या घरात तो झाला नाही, आणि त्यातला मोठा वाटा माझा.

त्याच्या कंपनीने पहिल्याच वर्षी त्याला आरोग्य विम्याचं कार्ड दिलं. डॉक्टर, तपासण्या, औषधं, सगळं कंपनीकडून. व्हिडिओ कॉलवर त्याने ते कौतुकाने कॅमेऱ्यासमोर धरलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "तपासणीचा रिपोर्ट कोणाकडे जातो?"

"डॉक्टरकडेच जात असेल ना," तो म्हणाला.

"विमा कंपनीचा, दवाखाना कंपनीने ठरवलेला, आणि रिपोर्ट तेवढा कंपनीला नको? पटतं तुला?"

त्याला पटत होतं. माणूस भोळा आहे. आमची ओळख तो आयटीआयला असल्यापासूनची, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करते आणि त्याच्या वतीने संशयही मीच घेते. मी त्याला ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी ठेवायला सांगितलं.

माझ्या संशयाला आधार होता. बाहेरदेशी निघालेली माणसं अधिकृत मेडिकलच्या आधी गुपचूप आमच्या लॅबमध्ये येतात. आधी इथे रक्त बघायचं, काही निघालं तर औषधं घेऊन सावरायचं आणि मग खऱ्या तपासणीला जायचं. तरीही 'अनफिट'चा शिक्का बसून परत आलेले मी पाहिलेत. तो कागद माझ्यासमोर ठेवून ते विचारतात, "मॅडम, पुन्हा काढलं तर बदलेल का?" अशी पाच-सात वर्षं काउंटरवर काढली की छापील कागद बघितला तरी त्याच्यामागे कोण उभं आहे ते आधी शोधावंसं वाटतं.

शिवाय आमच्या विहाराच्या पायऱ्या होत्या. रविवारी वंदना झाली की आम्ही चार-पाच जणी तिथे टेकतो. सगळ्यांचे नवरे तिकडे, कोणाचा वेल्डर, कोणाचा ड्रायव्हर. आमच्यात एक नियम आपोआप तयार झालेला होता. कार्ड वापरायचं नाही, दुखणी सुट्टीसाठी राखून ठेवायची. दाढ दुखली तर लवंग धरायची. गुडघा, मूळव्याध, चष्म्याचा नंबर, सगळं सुट्टीवर. त्यामुळे आमच्याकडे माणूस सुट्टीवर आला की त्याचे पहिले आठ दिवस दवाखान्यांतच जातात आणि पोरं बिचारी बापाची बॅग कधी उघडणार म्हणून वाट बघत बसतात.

विठ्ठलवाडीला राहणाऱ्या एकीच्या नवऱ्याने हा नियम मोडला. त्याने कार्डावर मुतखड्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि चार महिन्यांत तो कायमचा घरी आला. त्याच्या कंपनीचं तिथलं कामच संपलं होतं, त्याच्याबरोबर आणखी दीडशे माणसं परत आली, असं तो ज्याला-त्याला सांगायचा. आम्ही मान डोलवायचो आणि तो गेला की एकमेकींकडे बघायचो.

तिसऱ्या सुट्टीत माझ्या नवऱ्याला साखर निघाली. मीच लॅबमधल्या मुलीला त्याचं रक्त काढायला लावलं होतं. रिपोर्ट त्याच्या नावाने निघू नये म्हणून मी कॉम्प्युटरवर सासऱ्यांचं नाव घातलं. सासरे आंबिवलीला असतात, वय चौऱ्याहत्तर, आजही जेवणानंतर गूळ मागून खातात आणि त्यांना कसलाही आजार नाही. पण आमच्या लॅबच्या नोंदीत ते गेली सहा वर्षं मधुमेहाचे जुने पेशंट आहेत. कंपनीचे हात कल्याणच्या एका गाळ्यातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतील असं मला खरंच वाटत होतं का? हो, वाटत होतं.

ओळखीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या मी तिकडे जाणाऱ्यांबरोबर पाठवायचे. शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात गोळ्यांच्या पट्ट्या. नेणाऱ्याला सांगायचं, चटणी आहे. प्रत्येक सुट्टीत रक्त, प्रत्येक सुट्टीत सासऱ्यांचं नाव, आणि प्रत्येक वेळी तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर. तो तिकडे मेसचं खातो, उन्हात गच्च्यांवर चढून मशिनं उघडतो. यापेक्षा कमी कशी येणार, असं मी स्वतःला समजवायचे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. शुक्रवारी त्याला सुट्टी असते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "डाव्या डोळ्यासमोर काळा दोरा फिरतोय गं. डोळा हलवला की हलतो."

साखरेच्या माणसाच्या डोळ्यात असं काही दिसलं की काय करायचं असतं ते मला माहीत होतं. लॅबच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे, माझ्या खुर्चीच्या अगदी समोर. पण सुट्टी डिसेंबरात होती आणि मी म्हणाले, "दवाखान्यात जाऊ नकोस. डोळ्यावरून साखर काढतील आणि साखरेवरून तुला काढतील. ये सुट्टीवर, ठाण्याला चांगल्या डॉक्टरला दाखवू."

"बरं," तो म्हणाला. पंधरा दिवसांनी मी विचारलं तर म्हणाला, "गेलं ते." मला हायसं वाटलं. मी जास्त खोदलं नाही, आणि खोदण्याबाबत मी कधी आळस करत नाही.

त्यानंतर त्याने गोळ्या घेणं बंद केलं, असा माझा समज झाला. कारण जूनमध्ये मी डबा भरायला घेतला तर म्हणाला, "नको पाठवू, आहेत अजून." सप्टेंबरातही तेच. माझ्याकडे हिशेब पक्का होता, मागच्या पट्ट्या मेमध्येच संपायला हव्या होत्या. फोनवर मी चिडले की तो पोरांना फोन दे म्हणायचा.

डिसेंबरात तो आला. चेहरा उजळलेला, पोट उतरलेलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी त्याला लॅबमध्ये नेलं. संध्याकाळी आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाई रिपोर्टवर सही करताना म्हणाल्या, "आजोबांनी या वेळी पथ्य छान पाळलंय हं. साडेसहा."

मी मशीन तपासायला लावलं. नमुना पुन्हा चालवला. पुन्हा साडेसहाच. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या मनात पहिली आली ती स्वयंपाक करणारी बाई. कोणीतरी त्याला वेळेवर भाकरी-भाजी करून घालतंय, फिरायला नेतंय, गोड खाऊ देत नाही. गोळ्या मी पाठवत नसताना दुसरं कोण देणार? घरी येईपर्यंत मी त्या बाईला चेहरासुद्धा देऊन टाकला होता.

तो पोरांना घेऊन सासू-सासऱ्यांना भेटायला आंबिवलीला गेला, तेव्हा मी त्याची बॅग उपसली. लाज वाटली का? थोडी. शेव्हिंगच्या पाऊचमध्ये डोळ्यात घालायच्या औषधाची अर्धी बाटली होती. लेबलवर अरबी आणि इंग्रजीत त्याचं नाव. पाकिटात, माझ्या आणि पोरांच्या फोटोमागे, ते कंपनीचं कार्ड. ट्रंकेच्या तळाशी इतकी वर्षं पडून असलेलं कार्ड नवं दिसायला हवं. याचे कोपरे झिजले होते आणि त्यावरचा त्याचा फोटो पुसट झाला होता.

बाई नव्हती म्हणून मी खाली बसले आणि दोन मिनिटं बरं वाटलं. मग दुसराच राग चढला. सहा वर्षं मी दुसऱ्याच्या नावाने रिपोर्ट काढतेय, चटणीत गोळ्या पुरतेय, नोकरी जाईल अशी चूक करतेय, आणि हा खुशाल कार्ड घेऊन फिरतोय. सगळं होतं तसं परत भरलं. तो आल्यावर एवढंच म्हटलं, "परवा ठाण्याला डोळे दाखवायचेत, अपॉइंटमेंट घेतलीय." मला तो डॉक्टरसमोर काय बोलतो ते बघायचं होतं.

"कशाला? बरे आहेत डोळे," तो म्हणाला.

"मग बरे आहेत असं डॉक्टर सांगतील की."

बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी तिकिटाची घडी करत होते, उलगडत होते. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास बाहेर बसवलं, मग आत घेतलं. मीही आत गेले. ते बराच वेळ यंत्रातून डाव्या डोळ्यात बघत राहिले आणि सहज म्हणाले, "लेझर कुठे केलंत?"

डॉक्टरांनी मान वर करून आमच्या दोघांकडे बघितलं.

"तिकडेच. कंपनीच्या विम्यावर," तो म्हणाला. "मागच्या मे महिन्यात."

"नशीब तुमचं. आत रक्त उतरायला लागलं होतं, त्याच्या खुणा आहेत. वेळेत केलंय कोणीतरी. डिसेंबरपर्यंत थांबला असतात तर या डोळ्याचं मी फार काही करू शकलो नसतो."

डिसेंबरचं नाव त्यांनी सहज घेतलं, कारण तोच चालू होता. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टर पुढे साखर अशीच ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा असं काही सांगत होते. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

थेंबांमुळे त्याला उजेड सहन होत नव्हता. दवाखान्याबाहेरच्या बाकावर तो काळा चष्मा लावून बसला आणि मी शेजारी. समोर रिक्षांची रांग लागली होती. मी विचारलं, "कंपनीला कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तिथल्या नर्सने साखर बघितली आणि म्हणाली, कॅम्पमधल्या निम्म्या लोकांना आहे, घाबरू नको, दर महिन्याला ये. गोळ्या तीच देते. भात किती खायचा तेही तिनेच सांगितलं."

"आणि काढून टाकलं असतं तर?"

"काढलं असतं. एकाला पाठवलाही परत, त्याचं हृदयाचं होतं. खोटं कशाला सांगू?" त्याने चष्मा वर करून डोळे पुसले. "पण डोळाच नसता तर मशीन कसं उघडलं असतं? दोन दिवस विचार केला आणि गेलो."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. इतर कुठल्याही दिवशी मी तेवढं पकडून त्याच्याशी भांडले असते. त्या दिवशी माझ्या मनात एप्रिलमधला तो शुक्रवार होता, आणि तो मला 'बरं' म्हणाला होता तो आवाज.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "लेझर झाल्यावर तरी?"

त्याला रस्ता धूसर दिसत असणार, तरी तो रस्त्याकडेच बघत होता.

"जायच्या आधी सांगितलं असतं तर तू पुन्हा नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," मी म्हणाले.

"आणि मी ऐकलं असतं."